फुंकवाले आणि बटणवाले

डिंगोरे,
९ जून १९९९

ती. दादा,

नमस्कार लिहायचा नव्हता, पण हाताला सवय पडलीय, लिहिला गेला. काल ओतूरला जाऊन दोनदा फोन लावला. पहिल्यांदा वहिनी बोलली, "दुकानात गिऱ्हाईक हाय" म्हणाली. दुसऱ्यांदा तूच उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. आता हे पत्र फाड. पण फाडायच्या आधी वाचशील, मला ठाऊक आहे. भेळीच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस.

खोडदच्या लग्नात तू आणि तुझ्या त्या कंपूनं जे केलंत त्याला काय म्हणायचं? भर रस्त्यात वरातीपुढं मांडी घालून बसलात. "क्लॅरोनेट वाजवा, न्हाईतर वरात पुढं सरकू देणार न्हाई!" नवरी जीपमध्ये उन्हानं लाल झालेली, नवऱ्याचं घोडं बुजलेलं, आणि तुम्ही बापे घोडेगावाहून इतक्या लांब येऊन कुणाच्या लग्नात बसलात, तर ज्याची पत्रिकासुद्धा तुम्हाला नव्हती! ह्यांनी हात जोडले. तू काय म्हणालास? "भरतराव, बापाला गाडीत बसवून बटणं दाबताना लाज वाटत न्हाई का?" सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणालास. मग मागच्या गाडीपाशी जाऊन आत बसलेल्या मास्तरांना, माझ्या सासऱ्यांना, हाक मारलीस, आणि मास्तरांनी रेक्झिनचा पडदा आतून ओढून घेतला. तू समजलास, पोराच्या धाकानं ओढला.

घरी येऊन हे जेवले नाहीत. "तुझा भाऊ हाय म्हणून हात उचलला न्हाई," एवढंच म्हणाले आणि कॅसिओवर पोतं टाकून झोपले.

दादा, माझं लग्न तू माझ्यासाठी कुठं केलंस? तू ते क्लॅरोनेटसाठी केलंस. ही मंडळी मला बघायला आली तेव्हा जमीन किती, मुलगा काय करतो, पितो का, काही विचारलं नाहीस. गेणभाऊ मास्तरांच्या पायाशी बसलास आणि म्हणालास, "मास्तर, ती परवाची वरातीची चाल नुसती तोंडानं एकदा म्हणून दाखवा." आई आत कपाळाला हात लावून बसली होती. मी दाराआडून बघितलं तर तुझ्या डोळ्यांत पाणी. तेव्हाच कळलं की माझं ठरलं. मी तक्रार करत नाही. घर चांगलं मिळालं, माणूस चांगला मिळाला, सासरे तर देवमाणूस. मीही त्यांना मास्तरच म्हणते, घरात सगळेच म्हणतात.

पण तुझं वेड कुठवर? लग्न कुणाचं ते न विचारता बँड कुणाचा ते विचारून जायचास. टेप खांद्याला अडकवून मास्तरांच्या बाजूनं चालायचास. तुझ्या दुकानातल्या कॅसेटांत मास्तरांच्या सुरामध्येच तुझं ओरडणं, "हाय, मास्तर, हाय!" नारायणगाव, मंचर, पार भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांत त्या कॅसेटा वाजायच्या. मास्तर म्हणायचे, "भिमाजी म्हंजी माझा तिसरा कान." आणि आता त्याच मास्तरांच्या बँडपुढं तू आडवा.

म्हणे दोन तालुक्यांत दोन पक्ष पडलेत. क्लॅरोनेट हवं म्हणणारे फुंकवाले, आणि कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि गाडीवरचे भोंगे आवडणारे बटणवाले. ओतूरच्या हॉटेलात दोघांची बाकडी वेगळी आहेत. हसावं का रडावं सांग.

मास्तर क्लॅरोनेट का वाजवत नाहीत ते मला विचारू नकोस. मी सांगू शकत नाही. ह्यांनी ते काढून घेतलं नाही, एवढं मात्र देवाशपथ खरं आहे. बाकी तुला काय समजायचं ते समज.

तुझी
चिमा


डिंगोरे,
२ नोव्हेंबर २०००

दादा,

भाऊबीज झाली. ताट सकाळी केलं होतं. दुपारी श्रेयानं विचारलं, "आई, निरांजन विझवू का?" मी म्हटलं, "विझव."

तुझ्या दुकानावर पाटी लावलीस असं कळलं. 'येथे डिंगोऱ्याच्या बटणांची कॅसेट मिळणार नाही.' पाटीतलं अक्षर सुंदर आहे म्हणे, तुझं होतंच. आंबेगावची एकही सुपारी यंदा आमच्याकडे आली नाही. तिकडच्या लग्नांत तू खेडहून बँड आणून देतोस, क्लॅरोनेटवाला. लोक तुझं ऐकतात, तुझा कान मोठा मानतात. ढोलवाला आमचा निघून गेला, दुसऱ्या बँडात. जाताना मास्तरांच्या पायावर डोकं ठेवून रडला. मास्तर म्हणाले, "जा बाबा, पोट हाय." ह्यांच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. लोक ह्यांच्याकडे बघतच नाहीत हल्ली. बापाचं वाद्य हिसकावणारा म्हणतात.

हे ऐकून घेतात. उलट बोलत नाहीत. मला बोलू देत नाहीत. कधीकधी वाटतं, एवढं सोसणारा माणूस तुला दिसत कसा नाही? सूर ऐकू येतो तुला, माणूस ऐकू येत नाही.

ओवाळणी नको. येऊन जा एकदा.

चिमा


डिंगोरे,
२ फेब्रुवारी २००३

ती. दादास सा. न.

श्रेयाचं जमलं. मुलगा मढचा, एस.टी.त मेकॅनिक आहे. माणसं साधी. लग्न मे महिन्यात, इथंच दारात मांडव घालून.

तुला निरोप मी पिंपळवंडीच्या मावशीच्या भागूकडून पाठवला होता. त्यानं तुझं उत्तर आणलं ते जसंच्या तसं सांगितलं: "चिमीला म्हणावं, बटणं वाजणार असतील तर मामा येणार न्हाई. मास्तर फुंकणार असतील तर अनवाणी येतो."

दादा, पोरीच्या मागं मामा उभा राहतो. अंतरपाट धरला की नवरीला मागं वळून बघता येत नाही, पण पाठीशी कोण आहे ते तिला कळतं. तू नसलास तर कुणीतरी उभा राहील, जग अडत नाही. पण श्रेया लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून वरातीतून फिरलीय. तिनं मला काल विचारलं, "मामा माझ्यासाठी येणार न्हाई, का आजोबांसाठी येणार न्हाई?" 

म्हणून आता मी सांगते. मास्तरांना दिलेला शब्द मोडते, पाप लागलं तर लागू दे.

मास्तरांचे वरचे पुढचे दात पडले. शहाण्णव सालापासूनच हलत होते. क्लॅरोनेट वरच्या दातांवर टेकतं हे तुला मी काय सांगू. नारायणगावला जाऊन कवळी बसवली, पण फुंकर दिली की कवळी हलायची, क्लॅरोनेटच्या तोंडावर आपटायची, सूर चिरकायचा. मढच्याच एका लग्नात ऐन वरातीत कवळी निसटली. मास्तरांनी उपरण्यात तोंड खुपसलं आणि खोकल्याचं सोंग घेतलं. हे जवळ होते, ह्यांना कळलं. घरी आल्यावर मास्तर दार लावून बसले. बाहेर आले ते म्हणाले, "माझ्या जागी दुसरा क्लॅरोनेटवाला नगं. लोकं त्याला माझ्याशी जोखत्याल आन् मला त्याच्याशी. बाजाच बदलू." पुण्याला जाऊन कॅसिओ स्वतः आणला. स्वतः, दादा. ह्यांना बटणांचं काही येत नव्हतं, शिकायला लागले. आणि आम्हा दोघांना शपथ घातली: "गेणभाऊच्या तोंडात दात न्हाईत, असं कुणी म्हणता कामा नये. पोरानं काढून घेतलं म्हणत्याल तर म्हणू द्या."

हे हो म्हणाले. इतकी वर्षं म्हणू देतायत.

खोडदला मास्तरांनी पडदा का ओढला ते आता कळलं का? तू हाक मारलीस तेव्हा ते रडत होते. बोळकं तोंड तुला दाखवायचं नव्हतं त्यांना. दुसऱ्या कुणाला दिसलं असतं तर चाललं असतं, तुला नाही.

हे तू कुणाला सांगू नकोस. तुझ्या फुंकवाल्यांनाही नाही. नुसता ये.

चिमा


डिंगोरे,
१४ एप्रिल २००३

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. ह्यांना वाचून दाखवलं. "भरतरावांच्या पायावर डोकं ठेवीन" हे वाक्य आलं तेव्हा हे उठून बाहेर गेले. तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "पायाबियावर नगं. येऊ दे त्याला." माझ्या देखत तुझ्याबद्दल एवढं गोड बोललेले पहिल्यांदा ऐकले.

पाटी काढलीस ते बरं केलंस. मास्तरांना मी काही सांगितलेलं नाही, तुला दातांचं ठाऊक आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. फक्त "भिमाजी येतोय" म्हटलं. खाटेवर असतात दिवसभर, पायांत ताकद राहिली नाही. पण त्या दिवशी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. लग्न अजून लांब आहे हे सांगावं लागलं.

हळदीच्या दिवशी दुपारी ये, मामाचा आहेर घेऊन. वहिनीला आण, पोरांना आण. तू लिहिलंयस, "मास्तरांसाठी मी एक आणणार आहे, ते बघून म्हातारा उठून बसेल." काय आणणार ते सांगितलं नाहीस. शाल असेल तर रंग भडक नको, फेटा असेल तर लालच आण. काही न आणता आलास तरी म्हातारा उठून बसेल. लबाड कुठला, लहानपणीही जत्रेतून काय आणलं ते आधी सांगायचा नाहीस.

मी किती दिवसांनी हसले, तुझ्यामुळं.

चिमी


डिंगोरे,
२४ जून २००३

दादा,

वहिनीकडून तुझा निरोप आला: "त्या बटणवाल्याला पोरीच्या हळदीलासुद्धा क्लॅरोनेट सोसवलं न्हाई." म्हणून लिहिणं भाग पडलं. नाहीतर मी लिहिणार नव्हते. तू गाडीत होतास, तुला आतलं काही दिसलं नाही.

श्रेयाला पाटावर बसवलं होतं. मी हळद लावत होते आणि सारखी रस्त्याकडे बघत होते. मास्तर पडवीत खाटेवर, लाल फेटा बांधून. हे मांडवामागं आचाऱ्याशी बोलत होते. तेवढ्यात वेशीकडून सूर आला. क्लॅरोनेटचा, पाठोपाठ ढोल.

मांडवातल्या बाया हळदीचं गाणं मध्येच सोडून उठल्या. बँडवाल्यांच्या घरच्या बाया त्या. एकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. माझा हळदीचा हात श्रेयाच्या गालावर तसाच राहिला.

तुला ठाऊक नव्हतं, दादा. आता मला कळतंय की तुला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. जन्मभर मास्तरांच्या मागं फिरलास, पण ऐकणाऱ्यांतला तू, वाजवणाऱ्यांतला नाहीस. बँडवाल्याच्या दारात दुसरा बँड एकाच कामाला येतो. घरात कुणी गेलं की घरचे वाद्याला हात लावत नाहीत. परगावचा बँड येतो, दारात उभा राहून वाजवतो, आणि मग माणूस उचलतात. लग्न असो, बारसं असो, घरचे वाजवतील नाहीतर कुणी वाजवणार नाही. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यानंतर इथं मयत झालं नाही, म्हणून तू ते कधी बघितलं नाहीस. तू आणलेल्या खेडच्या बँडच्या त्या पोरांना तरी ठाऊक असायला हवं होतं. पण ती नवी पोरं, आणि तू त्यांना घर बँडवाल्याचं आहे असं सांगितलं नसशील. लग्नघरी आहेर न्यायचाय, एवढंच सांगितलं असशील.

मास्तर खाटेवर उठून बसले. तू म्हणाला होतास तसे. "कोण गेलं?" म्हणाले.

 पुन्हा म्हणाले, "आरं कोण गेलं? भरत कुठाय? भरत दिसंना." त्यांना वाटलं, पोरगा गेला. श्रेया पाटावरून उठून हळदीच्या अंगानं त्यांच्याकडे धावली, सूर ऐकताच तिला वाटलं होतं, आजोबाच गेले. दोघं एकमेकांना धरून रडायला लागली आणि बाहेर तुझं क्लॅरोनेट जवळ येत होतं.

पुढचं तू बघितलंस. हे धावत गेले आणि त्या वाजवणाऱ्याच्या तोंडातलं क्लॅरोनेट खाली ओढलं. काय ओरडले ते ढोलाच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल. "माझ्या पोरीच्या हळदीला मयताचा बाजा!" असं ओरडले. तुला फक्त ओढलेलं क्लॅरोनेट दिसलं, आणि तू गाडी वळवायला लावलीस. खाली उतरून एक शब्द विचारायचा होतास रे! मी तशाच हातांनी वेशीपर्यंत पळत आले. धुरळा दिसला. आहेराची टोपली गाडीतूनच रस्त्यात सोडून गेला होतास, तिच्यातली नऊवारी उचलली तर पदराला माझी हळद लागली.

लग्न लागलं. श्रेयाच्या मागं भागू उभा राहिला. बिचाऱ्यानं उभं राहायचं तसं राहून घेतलं. पोरगी मढला सुखात आहे. परवा आली होती, तुझ्या साडीत. डाग निघाला नाही, ती म्हणाली राहू दे.

मी ह्यांना सांगून दमले की दादानं बँड प्रेमानं आणला होता. हे म्हणतात, "आसंल. पर माझ्या बापानं माझं नाव घिऊन इचारलं, कोण गेलं म्हणून. ते माझ्या कानातून जात न्हाई." तुझं नाव निघालं की उठून जातात. मला दोघांचंही खरं वाटतं, आणि त्याचा मला काही उपयोग नाही.

आता मास्तरांचं. आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावलं की भिमाजीला रीत ठाऊक नव्हती, त्यानं लग्नासाठीच आणला. ते ऐकतच नाहीत. म्हणतात, "खुळी का काय तुमी? माझं आसं काय हाय जे भिमाजीला ठाऊक न्हाई? तोंडातलं गेलं, तवाच गेणभाऊ मास्तर गेला. लोकांस्नी कळलं न्हाई, भिमाजीला कळलं. म्हणून त्यानं वाजवाय आणला." त्यांना दातांचं मी सांगितलं की काय, असा संशयसुद्धा येत नाही. तुला आपोआप कळलं असंच ते धरून चालतात. आणि दादा, त्यांना राग नाही. उलट खूश आहेत. "जित्तेपणी आपला बाजा ऐकाय कुणाला मिळतोय?" आल्यागेल्याला सांगतात. माणसं बावरून माझ्याकडे बघतात.

काल दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. मध्येच माझा हात धरला. म्हणाले, "चिमे, भिमाजीला लिव. त्यो खेडचा वाजवणारा कच्चा व्हता. अंतऱ्याला सूर खाली पडला त्याचा, आन् दम अर्ध्यात तोडला. खरी येळ यील तवा दुसरा बघ म्हणावं. आन् नुसता धाडू नगं, सोता संगं ये. त्यो बाजूला चालला की वाजवणारा नीट वाजवतोय."

हे उंबऱ्यावर बसून ढोलाचा पट्टा शिवत होते. तुझं नाव निघालं तरी उठले नाहीत. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "लिहू?" त्यांनी टाका घालून दोरा तोडला. मग म्हणाले, "मास्तरांनी सांगितलंय, तर लिव."

म्हणून लिहिलं. या घरात तुला यायला आता एवढं एकच बोलावणं उरलंय, आणि ह्यांनी त्याला हो म्हटलंय. त्याला तारीख नाही.

रोज संध्याकाळी दिवा लावताना मी एकच मागायची, माझा भाऊ माझ्या घरी येऊ दे. काल हात जोडले आणि ओठापर्यंत आलेलं तेच मागणं तसंच गिळलं. आत मास्तर खोकत होते. त्यांना पाणी द्यायला उठले.

तुझी
चिमा